कळफलकावरील हलका हात : यांत्रिक कळफलकावर मंद आवाजात टंकलेखन करण्याचे तंत्र

बीजशब्द : यांत्रिक कळफलक, संपर्कबिंदू, स्पर्श-टंकलेखन, इन्स्क्रिप्ट कळविन्यास

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाचे लेखन आज बहुतांशी कळफलकावर होते. शोधनिबंध, प्रश्नपत्रिका, अंतर्गत मूल्यमापनाची कोष्टके, सभांची इतिवृत्ते आणि दरवर्षी नव्या नमुन्यात मागविले जाणारे अहवाल यांचा एकत्रित विचार केल्यास, बोलण्याच्या खालोखाल अध्यापक जर काही करीत असेल तर ते टंकलेखनच होय, असे म्हणण्यास हरकत नाही. ज्यांना हे काम अधिक प्रमाणात करावे लागते, त्यांपैकी काहीजण साध्या कळफलकाऐवजी यांत्रिक कळफलक वापरू लागले आहेत. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्प्रिंग व स्वतंत्र स्विच असतो. तो टिकाऊ असतो, कळीचा प्रतिसाद नेमका असतो आणि बिघडलेली एखादी कळ सुटी बदलता येते. त्याविषयीची प्रमुख तक्रार एकच, आणि ती बहुधा वापरणाऱ्याची नसून शेजाऱ्याची असते : त्याचा आवाज होतो.

ही तक्रार क्षुल्लक मानता येणार नाही. विभागाच्या एकाच खोलीत चार-पाच मेजे असतात. ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत शांतता हीच मुख्य सोय असते. २०२० पासून रूढ झालेल्या ऑनलाइन व्याख्यानांत तर ध्वनिग्राहक कळफलकाच्या शेजारीच असतो आणि बोलता बोलता टिपलेली एक ओळ श्रोत्यांना गारांसारखी ऐकू येते. यावर उपाय म्हणून कळफलक बदलण्याचा विचार प्रथम मनात येतो. प्रस्तुत लेखात त्याआधीच्या एका उपायाचे विवेचन केले आहे. यांत्रिक कळफलकाच्या आवाजाचा मोठा हिस्सा यंत्राचा नसून हाताचा असतो. कळीच्या प्रवासाच्या ज्या भागात अक्षर उमटते तो भाग बहुतेक स्विचांत जवळजवळ निःशब्द असतो. मोठा आवाज होतो तो अक्षर उमटून गेल्यानंतर. म्हणजेच, जो श्रम लेखनाच्या काहीच उपयोगी पडत नाही, तोच शेजाऱ्याला ऐकू येतो.

आपटण्याच्या सवयीचे मूळ

कळ जोराने दाबण्याची सवय लावली ती टंकलेखन यंत्राने, आणि त्या काळी ती सवय योग्यच होती. हाताने चालणाऱ्या यंत्रात बोटाचे बळ तरफांच्या मार्फत खिळ्याच्या दांडीपर्यंत पोहोचते आणि ती दांडी रिबनीवरून कागदावर आदळते. अक्षराचा काळेपणा बोटाच्या आघातावर ठरतो. कार्बन कागद घालून तीन-चार प्रती काढावयाच्या असतील तर शेवटची प्रत वाचता यावी म्हणून हात अधिक जड करावा लागे. प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करण्यासाठी स्टेन्सिल कापणे हा तर या विद्येचा कळसच होता : रिबन बाजूला करून खिळा थेट मेणकागदावर उमटवावयाचा, आघात कमी पडला तर अक्षर पुसट आणि जास्त झाला तर ‘ठ’चा पोकळ भाग कागदासह गळून पडलेला. ज्येष्ठ सहकाऱ्यांपैकी अनेकांनी टंकलेखनाचे शिक्षण तालुक्याच्या गावातील शासनमान्य टंकलेखन संस्थेत अशाच यंत्रावर घेतले. गोदरेजने १९५५ पासून भारतात बनविलेली यंत्रे त्या संस्थांतून दीर्घकाळ वापरात होती.

विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी ही गरज संपविली. १९६१ मध्ये बाजारात आलेल्या आय.बी.एम. सिलेक्ट्रिक यंत्रात आघाताचे काम मोटर करीत असे. बोटाने केवळ सूचना द्यावयाची होती. संगणकाच्या कळफलकात तर आघात करण्यासारखे काही उरलेच नाही. तरीही सवय टिकली, आणि ती टिकण्यास संगणकाबरोबर मिळणाऱ्या स्वस्त कळफलकाने हातभार लावला. या कळफलकात कळीखाली रबराचा लहानसा घुमट असतो. घुमट कोसळून त्याच्या आतील टोक खालच्या पटलावर टेकले की विद्युत्-संपर्क होतो. हा संपर्क प्रवासाच्या जवळजवळ शेवटी होत असल्याने कळ तळापर्यंत नेणे भाग पडते. अर्धवट दाबलेली कळ अक्षर देत नाही, हा धडा बोटे तेथे पुन्हा पुन्हा शिकतात आणि तोच धडा घेऊन यांत्रिक कळफलकाकडे येतात. येथे मात्र तो लागू पडत नाही.

स्विचचे कार्य

आज सर्वाधिक प्रचलित असलेली स्विचची रचना ही जर्मनीतील चेरी कंपनीने १९८० च्या दशकात आणलेल्या ‘एम.एक्स.’ स्विचवरून आलेली आहे. पेटंटची मुदत संपल्यानंतर इतर अनेक उत्पादकांनी तिचे अनुकरण केले. कंपनीच्या तपशिलानुसार लाल स्विचमध्ये कळीचा एकूण प्रवास ४ मिलिमीटर असून संपर्क २ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर मध्यावर होतो. त्यासाठी सुमारे ४५ सेंटिन्यूटन बळ लागते. काळ्या स्विचची स्प्रिंग अधिक ताठ, सुमारे ६० सेंटिन्यूटनची. निळ्या स्विचमध्ये संपर्क २.२ मिलिमीटरवर होतो आणि त्याच सुमारास आतील एक सरकता भाग मुद्दाम ‘टिक्’ असा आवाज करतो. तपकिरी स्विचमध्ये हा आवाज नसतो. संपर्कापूर्वी बोटाला एक लहानसा उंचवटा ओलांडल्यासारखे वाटते, एवढेच.

४५ सेंटिन्यूटन म्हणजे किती, याची कल्पना यावी यासाठी एक सोपा प्रयोग करता येतो. दहा रुपयांच्या द्विधातू नाण्याचे वजन सुमारे ७.७ ग्रॅम असते. अशी सहा नाणी एकमेकांवर रचून लाल स्विचच्या कळीवर अलगद ठेवली असता वजन ४६ ग्रॅमच्या आसपास भरते, आणि पाचव्या ते सातव्या नाण्याच्या दरम्यान केव्हातरी पडद्यावर अक्षर उमटू लागते. (कळीच्या टोपीचा उतार व स्प्रिंगांमधील स्वाभाविक फरक यांमुळे एखाद्या नाण्याचा फरक पडतो.) सहा नाणी तळहातावर घेऊन पाहावीत आणि त्यानंतर आपण ‘एंटर’ कसे दाबतो ते आठवावे.

संपर्कानंतर उरलेल्या दोन मिलिमीटरांत स्प्रिंगचा विरोध थोडाच वाढतो. वेगाने खाली आलेल्या बोटाला थांबविण्याइतकी शक्ती तिच्यात नसते. त्यामुळे बोटाची उरलेली गतिज ऊर्जा तळाशी होणाऱ्या टकरीत खर्ची पडते. कळीचा दांडा स्विचच्या तळावर आदळतो, तो धक्का धातूच्या पट्टीत व कळफलकाच्या खोक्यात पसरतो आणि खालचे मेज पोकळ असेल तर ते ढोलकीप्रमाणे त्याला साथ देते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तळाशी पोहोचतानाचा वेग निम्मा झाला तर टकरीची ऊर्जा एक-चतुर्थांश होते. ही बाब विशेष महत्त्वाची आहे, कारण तीमुळे या तंत्राचे उद्दिष्ट नेमके ठरविता येते. बोट तळाला कधीच लागू नये, असा आग्रह काही उत्साही अभ्यासक धरतात. मिनिटाला ४० शब्दांच्या गतीने लिहिताना सेकंदाला तीनहून अधिक कळी दाबल्या जातात. इतक्या गतीत प्रत्येक बोट दोन मिलिमीटरांच्या मध्येच अडविणे बहुतेकांना साधत नाही, आणि साधण्याच्या खटाटोपात हात ताठ होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तळ टाळण्यापेक्षा तळाशी हळू पोहोचणे हेच व्यवहार्य उद्दिष्ट होय.

कळीचा दुसरा, त्या मानाने लहान आवाज परतीच्या वेळी होतो. बोट झटकन उचलले की स्प्रिंग कळीला वर फेकते आणि दांडा स्विचच्या वरच्या कडेवर आपटतो. बोट कळीबरोबरच वर आले तर हा आवाजही मऊ होतो.

संवादिनी वाजविणाऱ्यांना हे विवेचन ओळखीचे वाटेल. पेटीची पट्टी दाबली की झडप उघडते आणि हवा स्वरपट्टीवरून वाहू लागते. स्वर लहान-मोठा होतो तो भात्यामुळे, पट्टीवरील दाबामुळे नव्हे. पट्टी जोराने दाबणाऱ्याला स्वर अधिक मिळत नाही, केवळ लाकडाची खटखट अधिक मिळते. यांत्रिक कळफलकाची कळ अशीच एक झडप आहे. फरक एवढाच की येथे भाता नाही. अक्षर लहान-मोठे होतच नाही.

बोटे प्रत्यक्षात किती बळ लावतात

टंकलेखक आवश्यकतेपेक्षा किती अधिक बळ लावतात, याचे मापन झालेले आहे. अमेरिकेतील थॉमस आर्मस्ट्राँग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९४ मध्ये प्रकाशित झालेल्या अभ्यासात कळफलकाखाली बळमापक बसवून नोंदी घेण्यात आल्या. प्रत्येक आघाताचे सर्वोच्च बळ कळ कार्यान्वित होण्यास लागणाऱ्या बळाच्या अडीच ते जवळजवळ चार पट आढळले. म्हणजेच कळी सातत्याने तळापर्यंत नेल्या जात होत्या. १९९७ मध्ये मायकेल फॉयरस्टीन व सहकाऱ्यांनी हात व मनगटाच्या तक्रारी असलेल्या टंकलेखकांचा अभ्यास केला असता, तीव्र तक्रारी असलेल्यांचा आघात अधिक जोराचा असल्याचे दिसून आले. या दुसऱ्या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. जोराने लिहिल्यामुळे दुखणे जडले की दुखणाऱ्या हाताचे नियंत्रण सुटल्यामुळे आघात वाढला, हे अशा एकवेळच्या निरीक्षणावरून सांगता येत नाही. तथापि, तासाला दहा-बारा हजार आघात करणाऱ्या बोटांनी प्रत्येक वेळी गरजेच्या तिप्पट बळ लावावे, याचे समर्थन करणे कठीण आहे.

येथे आपल्याकडील परीक्षापद्धतीचाही उल्लेख करावयास हवा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत मिनिटाला ३० व ४० शब्दांची गती तपासली जाते, चुका मोजल्या जातात. बळ मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते शिकविले जाण्याची शक्यता कमीच असते. त्यामुळे हलका हात ही ज्याची त्याने कमवावयाची गोष्ट ठरते.

सरावाची पद्धती

आरंभ एका कळीपासून करावा. उजव्या हाताची तर्जनी ‘जे’ कळीवर टेकवून ती अत्यंत सावकाश दाबावी आणि पडद्यावर अक्षर उमटताच तेथेच थांबावे. कळ अद्याप तळाला लागलेली नसते. त्या जागी बोटाला काय वाटते ते लक्षात घेऊन कळ सोडावी. प्रत्येक बोटाने अशी वीस-पंचवीस आवर्तने केली की संपर्कबिंदूची स्मृती तयार होऊ लागते. तपकिरी स्विचवर ही ओळख लवकर होते, कारण उंचवटा वाट दाखवितो. लाल व काळे स्विच कोणतीच खूण देत नाहीत. तेथे काही काळ डोळ्यांची मदत घ्यावी लागते.

यानंतर गती निम्मी करून परिचित मजकूर टंकित करावा. नवा मजकूर घेऊ नये, कारण विचार करणारा मनुष्य बोटांकडे लक्ष देऊ शकत नाही. लय समान ठेवणे येथे सर्वांत उपयोगी ठरते. आघात बहुधा वाढतो तो घाईत : सोपा शब्द आला की बोटे धावतात, अवघड जोडाक्षर आले की अडखळतात आणि अडखळल्यानंतरचे अक्षर हमखास आपटले जाते. भ्रमणध्वनीवरील तालमापकाच्या ठोक्यावर, प्रत्येक ठोक्यास एक कळ, अशा रीतीने दहा-पंधरा मिनिटे लिहिल्यास हा चढउतार सपाट होतो.

बोटांची उंची हा दुसरा मुद्दा. कळीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर उचललेले बोट खाली येताना वेग घेते आणि तो वेग नंतर आवरता येत नाही. म्हणून बोट कळीच्या पृष्ठभागाला टेकूनच दाबास प्रारंभ करावा. हातोड्याने ठोकणे आणि घंटीचे बटण दाबणे यांत जो फरक आहे तोच येथे आहे. मनगट मेजाच्या कडेवर दाबून न ठेवता लिहिताना किंचित अधांतरी ठेवावे, म्हणजे दूरच्या कळीपर्यंत बोट न ताणता संपूर्ण हात सरकतो. कळफलकाचे मागचे पाय मिटवून ठेवणे श्रेयस्कर. ते उघडल्याने मनगट वरच्या बाजूस वळते आणि कनिष्ठिकेचे काम अवघड होते.

पहिल्या काही दिवसांत अक्षरे गळतील. दाब संपर्कबिंदूपर्यंत पोहोचला नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी जोर वाढविण्याचा मोह होतो. त्याऐवजी गती कमी करावी. उलटपक्षी, लाल स्विचवर विसावलेले बोट नकळत एखादे अक्षर उमटवून जाते. ज्यांना हा त्रास फार होतो त्यांना काळ्या स्विचची ताठ स्प्रिंग अधिक मानवते. ती बोटाला परत ढकलत असल्याने आघात आवरणे सोपे जाते. हलक्या हातासाठी सर्वांत हलका स्विचच घ्यावा ही समजूत म्हणूनच तपासून पाहण्याजोगी आहे.

देवनागरी कळविन्यासाचा विचार

कळफलकविषयक मार्गदर्शन बहुतेक इंग्रजी लेखन गृहीत धरून केलेले असते. मराठी लेखनात बोटांवरील भार वेगळ्या रीतीने वाटला जातो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट विन्यासात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुसंख्य व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. व्यंजन-मात्रा-व्यंजन अशी मराठी शब्दांची घडण असल्याने हात आलटून पालटून चालतात, आणि एक हात काम करीत असताना दुसऱ्यास परतण्यास अवकाश मिळतो. हलक्या स्पर्शाला ही रचना अनुकूल आहे.

अपवाद मात्र ध्यानात ठेवावयास हवेत. ‘म’, ‘न’ व ‘व’ ही व्यंजने डाव्या हाताच्या खालच्या ओळीत आहेत. ‘मा’ लिहिताना ‘सी’ व ‘ई’ या दोन्ही कळी डाव्या मध्यमेकडेच येतात. ‘नि’ व ‘वि’ यांत तर्जनीला खालच्या ओळीतून मधल्या ओळीत उडी घ्यावी लागते. ‘माझा’, ‘निवड’, ‘विमान’ हे शब्द टंकित करताना कान देऊन ऐकल्यास उडीनंतरचा आघात मोठा झाल्याचे जाणवते. अशा शब्दांची स्वतंत्र यादी करून त्यांचा संथ सराव करणे फलदायी ठरते. हलन्ताची ‘डी’ ही कळही मध्यमेचीच, त्यामुळे ‘म्’ लिहितानाही हीच अडचण येते. जोडाक्षरांनी समृद्ध अशा शास्त्रीय गद्यात या बोटाचे कष्ट बरेच वाढतात.

याउलट एक सोयही आहे. इंग्रजीत एकच अक्षर लागोपाठ दोनदा येते तेव्हा तीच कळ त्वरित पुन्हा दाबावी लागते. निळ्या स्विचवर हे विशेष त्रासाचे, कारण तेथे कळ पुन्हा सज्ज होण्यासाठी संपर्कबिंदूच्या बरीच वर यावी लागते. मराठीतील द्वित्तात मात्र दोन व्यंजनांच्या मध्ये हलन्त येतो. ‘पत्ता’ लिहिताना ‘त’च्या दोन आघातांमध्ये दुसऱ्या हाताचा एक आघात असतो आणि कळीला परतण्यास वेळ मिळतो. ‘ममता’, ‘ननंद’ यांसारखे शब्द तेवढे वेगळे.

खरी अडचण शिफ्ट कळीची आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, ध यांसारखी महाप्राण व्यंजने, तसेच ण, ळ, श, ष ही सर्व शिफ्टसह येतात. ‘शिक्षण’ हा शब्द लिहिण्यास सहा कळी लागतात आणि त्यांपैकी तीन वेळा, ‘श’, ‘ष’ व ‘ण’ यांसाठी, शिफ्ट धरावी लागते. हे काम सर्वांत दुबळ्या बोटाचे, कनिष्ठिकेचे. ती ताठ झाली की संपूर्ण पंजा ताठ होतो आणि मग शेजारच्या बोटाचा आघातही वाढतो. शिफ्ट दाबावयाची नसून धरावयाची असते, ही गोष्ट सरावात वेगळी घ्यावी : प्रथम शिफ्ट हळुवार खाली नेणे, क्षणभर थांबणे, मग दुसऱ्या हाताने अक्षर, आणि शेवटी दोन्ही सोडणे. रेमिंग्टन विन्यासावर किंवा रोमन लिपीतून ध्वन्यनुसारी लिहिणाऱ्यांसाठी अवघड शब्दांची यादी वेगळी होईल, परंतु ती काढण्याची रीत हीच.

तंत्राच्या मर्यादा आणि साधनांची जोड

हाताने न जाणारा आवाजही असतो. निळ्या स्विचचा ‘टिक्’ हा त्याच्या रचनेतच आहे. कितीही हलके लिहिले तरी तो होणारच. आय.बी.एम.च्या १९८५ च्या ‘मॉडेल एम’ कळफलकातील वाकणाऱ्या स्प्रिंगचा खणखणीत आवाजही तसाच. या आवाजाच्या बाजूने एवढे सांगता येईल की तो अक्षर उमटल्याची वर्दी देतो आणि शिकाऊ बोटाला थांबण्याची जागा कळते. घरी एकांतात निळ्या स्विचवर सराव करून विभागात शांत स्विच वापरणे हा म्हणूनच विसंगत वाटणारा, परंतु उपयुक्त क्रम आहे. सामायिक खोलीत मात्र निळा स्विच नेऊ नये, हे स्पष्ट म्हटलेले बरे.

स्पेस, एंटर व शिफ्ट या लांब कळींच्या दोन्ही टोकांना तारेचे आधार असतात आणि ते सैल असल्यास खुळखुळतात. त्या आधारांना योग्य वंगण लावल्याने हा आवाज बराच कमी होतो. स्पेस ही सर्वाधिक वापरली जाणारी कळ असून ती अंगठ्याकडे, म्हणजे सर्वांत बलवान बोटाकडे असते. शब्दागणिक ऐकू येणारा मोठा ठोका तिचाच. अंगठा वरून न मारता त्याची कड कळीवर टेकवून किंचित आत वळविल्यास तो ठोका नाहीसा होतो. आठवड्याभराच्या सरावातून एकच गोष्ट साधावयाची असेल तर ही साधावी.

तळाशी व वरच्या कडेला रबराची गादी असलेले ‘सायलेंट’ स्विच मिळतात. चेरीच्या अशा लाल स्विचचा प्रवास ३.७ मिलिमीटर आहे. ते घेण्यास हरकत नाही, मात्र जड हाताने त्यांवरही मेज हादरतेच. ज्यांच्या मनगटात वा बोटांत वेदना, बधिरता किंवा मुंग्या आहेत त्यांनी सरावाने बरे वाटण्याची वाट न पाहता वैद्यकीय सल्ला घ्यावा. उरतो मेजाचा प्रश्न. पत्र्याच्या किंवा पोकळ प्लायवूडच्या मेजावर कळफलकाखाली फेल्टची वा जाड विणीच्या कापडाची घडी घातल्यास कंपन मेजात उतरत नाही. ऑनलाइन व्याख्यानाच्या वेळी ध्वनिग्राहक त्याच मेजावर उभा असेल तर तो हवेतून येणाऱ्या आवाजाबरोबरच मेजातून येणारे धक्केही टिपतो. तो शेजारच्या तिपाईवर ठेवावा.